उसनं देवक

शाळेच्या गणवेशाच्या बाहीला टाचण्या लावत असताना चेनेसाईला मागून वडिलांचा खोकला ऐकू आला, आणि हातातली टाचणी सरळ तिच्या बोटात गेली. आधी दोन कोरडे ठसके, मग घसा साफ केल्याचा लांबलचक आवाज, मग उगाचच एक 'हं'. न्यायालयात साक्षीदाराचं म्हणणं साहेबाच्या भाषेत सांगण्याआधी वडील असेच खोकत. आणि वडिलांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. दुकानातल्या शिलाई करणाऱ्या दोन्ही मुली मशीन थांबवून दाराकडे बघत होत्या. दारात तारुविंगाकाका उभे होते, डावा खांदा वडिलांसारखाच खाली टाकून, हॅट छातीशी धरून. "काय गं चिहेरा, बाप एवढा हरारेपर्यंत आला आणि त्याला बस म्हणायची पद्धत नाही?" 'चिहेरा' ही कुळाची हाकही वडिलांच्याच आवाजात. तिला राग आला आणि हसूही आलं, आणि बोटातून रक्त आलंय हे मग दिसलं. तारुविंगाकाकांवर रागवायची सोय नव्हती. ते घराण्याचे सहवीरा होते. हे नातं रक्ताचं नाही, पिढीजात मैत्रीचं आहे. मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, कुणी बोलायला धजत नाही ते तोंडावर बोलायचं, हा हक्क फक्त सहवीराचा. वडिलांच्या दफनाच्या दिवशी ते वडिलांचाच कोट घालून शवपेटीशी उभे राहिले होते आणि दुभाष्याच्या थाटात म्हणाले होते, "साहेब, मयताचं म्हणणं असं, की पेटी दंडाला घट्ट होतेय." तेव्हा हुंदके देणारी आईसुद्धा ओंजळीत तोंड लपवून हसली होती.

"गाडीत पेट्रोल भरलंय," चेनेसाई बोट चोखत म्हणाली, "जेवून निघू या." उद्या सकाळी बुहेराला, गावच्या घरी, वडिलांना घरी आणायचं होतं. माणूस गेला की वर्षभर त्याचा आत्मा रानोमाळ भटकतो. मग नाचणीची बियर आंबवतात, थडग्यावर ओततात, त्याला त्याच्या देवकाच्या नावानं, वडिलांच्या बाबतीत 'शावा' म्हणून, हाक मारतात, आणि तो घरी येऊन लेकराबाळांच्या पाठीशी उभा राहतो. हाक थोरल्या अपत्यानं मारायची. त्यांच्या घरात थोरली तीच. "जेवू," तारुविंगाकाका म्हणाले. "पण आधी एक सांग. उद्या हाक कुणाला मारणार आहेस? शावाला की पिरीला?" मुली फिस्सकन हसल्या. पिरी हे मलावीकडून मजुरीला आलेल्यांचं नाव. ज्यांना गाव नाही, देवक नाही, अशा लोकांचं. शहरात कुणाला चिडवायचं झालं तर हे नाव हाताशी असतंच. चेनेसाईही हसली. "कोण पिरी?" "मटेयो पिरी. लिलोंग्वेकडचा. तुझ्या बापाचा बाप." मुली आता खदाखदा हसत होत्या. पण सहवीरा विनोद केल्यावर सगळ्यात मोठ्यानं स्वतःच हसतो, आणि तारुविंगाकाका हसले नाहीत. ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसले, हॅट गुडघ्यावर ठेवली, आणि म्हाताऱ्या माणसासारखे, म्हणजे त्यांच्या खऱ्या वयासारखे, दिसायला लागले. "मुलींना जेवायला पाठव," ते म्हणाले.

गाडी शहराबाहेर पडून दक्षिणेच्या रस्त्याला लागली. शेजारी तारुविंगाकाका तोंड उघडं टाकून झोपले होते. बॉम्ब टाकून माणसं अशी झोपतात तरी कशी, याचा तिला संताप आला. तिनं आरशात बघितलं. तेच तोंड, तोच रुंद कपाळाचा पट्टा, तीच वडिलांची नाकपुडी. हे नाक लिलोंग्वेचं? आयुष्यभर तिला सगळे 'चिहेरा' म्हणत आले होते. म्होफू देवकाच्या, म्हणजे एलंड हरणाच्या कुळातल्या पुरुषाला 'शावा' म्हणायचं आणि बाईला 'चिहेरा', ही आदराची रीत. आणि चिहेरा म्हटली की ती हट्टी, आडमुठी, नवऱ्याला गुंडाळून ठेवणारी, हे अख्ख्या देशाला तोंडपाठ. शाळेत तिनं माफी मागायला नकार दिला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, जाऊ दे, चिहेरा आहे. बँकेतल्या माणसाशी ती तासभर भांडली तेव्हा तो शेवटी हसून म्हणाला होता, तुमच्यापुढे हात टेकले, चिहेरा. ती लग्नावाचून राहिली तेव्हाही बायकांनी तेच कारण काढलं. चाळिशी उलटेपर्यंत या नावाच्या जोरावर तिनं आपला सगळा तिखटपणा पोसला होता. मग आता हा तिखटपणा कुणाचा? हे तिचं तिलाच हास्यास्पद वाटलं, आणि ती एकटीच मोठ्यानं हसली, आणि तो आवाज ऐकून तिची तीच दचकली.

लहानपणी शाळेची सहल रानात गेली होती. मैत्रिणीच्या डब्यातलं सुकं मांस तिनं चघळलं, आणि ती मैत्रीण म्हणाली, अगं, हे एलंडचं आहे. चेनेसाईला तिथल्या तिथे उलटी झाली. पोटातलं सगळं पडलं तरी कोरड्या उमाळ्या थांबेनात, अंगावर गांधी उठल्या. आपल्या देवकाचं मांस खाल्लं की दात पडतात, असं सगळ्यांनीच ऐकलेलं. घरी आल्यावर वडिलांनी मीठपाण्यानं तिला चुळा भरायला लावल्या, पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि म्हणाले, "शरीराला कळतं, पोरी. शरीर आपल्या माणसाला ओळखतं." आता गाडी चालवताना ती तेच वाक्य मनात घोळवत होती. काय कळलं होतं तिच्या शरीराला? वडील ते बोलताना मनात हसत होते का? की त्या क्षणी त्यांचाही विश्वास होता? त्यांच्या हाताचा तो स्पर्श इतका खरा होता, की त्याला खोटं म्हणायचं तर उरलेलं काहीच खरं म्हणता येणार नव्हतं.

मग शेवटचे दिवस. दवाखान्यात तापात वडील सारखे बोलत होते, आणि पाण्याला आपला शब्द सोडून 'माद्झी' म्हणत होते. 'माद्झी, माद्झी.' मलावीकडची भाषा. न्यायालयात शेतमजुरांच्या साक्षींचं भाषांतर ते याच भाषेतून करत. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही ही कुठं शिकलात? तेव्हा ते म्हणाले होते, कामावर. तिला वाटलं, तापात डोक्यात कुठला तरी जुना खटला चाललाय, कुणी साक्षीदार पाणी मागतोय आणि बाबा त्याचं भाषांतर करताहेत. म्हणून तिनं पाणी द्यायला उशीर केला. एक परिचारिका आली, त्याच भाषेत काहीतरी बोलली, आणि वडिलांनी तिचा हात धरून एखाद्या लेकरासारखं तोंड उघडलं. चेनेसाईला त्या वेळी त्या परिचारिकेचा हेवा वाटला होता. आता तिला आठवलं, की आपण कपाट पुसत उभे होतो. वडील पाणी मागत होते आणि आपण कपाट पुसत होतो. गाडी रस्त्याच्या कडेला कधी थांबवली हे तिला कळलंच नाही. मागून ट्रकनं भोंगा दिला तसे तारुविंगाकाका जागे झाले. "काय गं, आलं का चिव्हू?" "नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा गाडी सुरू केली.

पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे ती मुद्दाम बघत नव्हती. गरिकाई. त्याचंही देवक म्होफू. हे पहिल्या भेटीतच कळलं होतं, कारण नावाच्या आधी देवकच विचारतात. म्हणजे भाऊबहीण. दोघं हसली, भाऊबहिणीसारखी वागू म्हणाली, आणि ते काही जमलं नाही. त्याच्याकडची माणसं वेड्झाची, तिच्याकडची बुहेराची. मधे कितीतरी पिढ्यांचं अंतर होतं. अशा वेळी वाट असते. एक पांढरी गाय कापून नातं कापायचं, मग लग्न करायचं. गरिकाईचे काका स्वतः निरोप्या घेऊन आले, गाय देतो म्हणाले. चेनेसाई स्वयंपाकघरात मक्याची उकड घोटत उभी होती आणि तिला बैठकीतलं सगळं ऐकू येत होतं. वडील खोकले. दोनदा. मग म्हणाले, "रक्त कापता येत नाही. माझ्या घरात ही गोष्ट पुन्हा निघायची नाही." ते इतकं शांतपणे म्हणाले, की गरिकाईचे काका उठून उभेच राहिले. चोवीस वर्षांची चेनेसाई उकड घोटत राहिली, ती करपली तरी घोटत राहिली. तिनं भांडण केलं नाही. जगाशी भांडणारी चिहेरा या एका बाबतीत गप्प बसली, कारण वडिलांनी पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं की शरीर आपल्या माणसाला ओळखतं, आणि तिला वाटलं, आपलंच शरीर बिघडलेलं असणार, जे भावाला बघून असं पेटतं. वर्षानुवर्षं तिनं स्वतःला घाण समजलं. गरिकाईनं पुढे लग्न केलं, तो ग्वेरूला असतो. तेव्हापासून तो तिला रीतीप्रमाणे 'ताई' म्हणतो. दर नव्या वर्षाला त्याचा निरोप येतो, ताई, सुखी राहा. आणि ती दर वर्षी उत्तर देते, तूही, दादा. दादा! कापायला नातंच नव्हतं. वडिलांना ते ठाऊक होतं. तिकडे बैठकीत बसून, ठाऊक असताना, ते म्हणाले की रक्त कापता येत नाही.

वाटेतल्या चिव्हू गावी तिनं भाजलेली कणसं घेतली, एक तारुविंगाकाकांच्या हातात जवळजवळ फेकलंच, आणि गाडीच्या बॉनेटला टेकून म्हणाली, "बोला. सगळं बोला. आणि आवाज तुमचा स्वतःचा काढा, बापाचा नको." "माझा आवाज बाजारात कोण विचारतो?" तारुविंगाकाका म्हणाले. तिनं बघितलं तसे ते ओशाळले. त्यांनी कणसाचे चार दाणे काढले, तळहातावर ठेवले, आणि खाल्ले नाहीत.

"तुझा आजा तंबाखूच्या मळ्यावर होता. त्याचा एक जिवलग, आपल्या बुहेराचा, म्होफूचा पोरगा. एका ताटात जेवायचे. तो पोरगा तापानं मेला. मळेवाल्यानं म्हटलं, इथंच पुरा. तुझ्या आज्यानं ऐकलं नाही. माझा बाप तिथंच बैलगाडी हाकायचा, तो होता बरोबर. दोघांनी प्रेत गावी आणलं, उन्हातनं, वास यायला लागला तरी. त्या पोराची आई विधवा, एकच लेक. तिनं रातोरात लेकाला माती दिली, आणि रीत म्हणून पाहुण्याला विचारलं, कुणाचा तू? आजा म्हणाला, मी पिरी, आई. ती म्हातारी म्हणाली, नाही. पिरी मेला. त्याला मी आत्ताच पुरला. तू माझा शावा. आणि लेकाचं पांघरूण याच्या खांद्यावर टाकलं. माझा बाप साक्षीला. दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तर आम्ही तुमचे सहवीरा झालो, नाहीतर आमचं-तुमचं काय लागतं?"

चेनेसाईला हे असं काही अपेक्षित नव्हतं. तिला चोरी अपेक्षित होती. "आणि गावाला?" "गावाला काय, पोरगा लहानपणी मळ्यावर गेलेला, दाढीमिशा घेऊन परत आला. म्हातारी म्हणतेय माझा, मग कोण नाही म्हणणार? मेला तो मलावीचा मित्र, असं झालं. थडग्यावर पिरीचं नाव आहे, जाऊन बघ. शहाण्यांना कळलं असेलही. पण म्हातारी तिखट होती, तिच्या वाटेला कोण जाणार?" ते थांबले. "चिहेरा होती की. लग्न भावकीतच करून दिलेली, नातं कापून."

"बाबांना ठाऊक होतं." हा प्रश्न नव्हता. "होतं. तुझ्या त्या गरिकाईचे लोक आले ना, त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला. मी म्हटलं, सांगून टाक. पोरीचं सोनं होईल. तो म्हणाला, नातं कापायचं म्हणजे दोन्हीकडचे म्हातारे बसणार, वर वर पूर्वज मोजत जाणार, कुठं फाटे फुटले ते शोधणार. मी बापापर्यंत येईन आणि पुढे काय सांगू? त्या वर्षी काय चाललं होतं, आठव. ज्याचे आईबाप बाहेरचे, त्याचं नागरिकत्व जात होतं. नोकरी गेली असती. तुझ्या भावानं, तेंडेकाईनं, गावात घर बांधायला घेतलेलं, ती जमीन गेली असती." "म्हणजे भ्याला." "भ्याला. मी तोंडावर म्हटलं त्याला, भित्र्या. तर म्हणाला, हो. पण दुसरंही आहे. मी उद्या उठून म्हटलं की हे रक्त नाही, तर त्या म्हातारीनं पांघरूण कुणाच्या खांद्यावर टाकलं? तिचा लेक दुसऱ्यांदा मरेल. माझ्या तोंडानं मरेल." तारुविंगाकाकांनी हातातले दाणे कोंबड्यांना टाकले. "कोणतं कारण खरं, ते त्याचं त्याला माहीत. मरताना म्हणाला, तिला सांग. पण मी गेल्यावर. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नाही. हाक कुठल्या नावानं मारायची ते ती ठरवील."

पुढचा रस्ता मातीचा होता. ती ठरवील! चेनेसाई दात आवळून खड्डे चुकवत होती. जिवंतपणी माझं सगळं तुम्ही ठरवलंत, आणि मेल्यावर हे एवढं माझ्या पदरात. पिरी म्हणून हाक मारली, तर ती मोकळी होती. तर ती घाण नव्हती, कधीच नव्हती. तिनं ज्याच्यावर जीव टाकला तो भाऊ नव्हता, आणि हे सगळ्या गावापुढे, मोठ्यानं, एकदाचं बोललं गेलं असतं. गरिकाईच्या कानावर गेलं असतं. त्याचं पुढे काहीही होणार नव्हतं, पण त्याला कळलं तरी असतं. आणि तेंडेकाई, तिचा धाकटा भाऊ, दुसऱ्या दिवशी पाटलापुढे उपरा ठरला असता, त्याच्या पोरांना शाळेत पिरी म्हणून चिडवलं असतं. आणि शावा म्हणून हाक मारली, तर गरिकाई तिचा भाऊ. या वेळी वडिलांच्या तोंडून नव्हे, तिच्या स्वतःच्या. आणि या वेळी ठाऊक असताना. आणखी एक भीती होती, ती तिला सगळ्यात मोठी वाटली. हाक चुकली तर? ज्या नावाचा माणूस नाहीच त्या नावानं बोलावलं, आणि बाबा कुठंतरी झुडपात उभे राहून ऐकताहेत, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असं समजून हलत नाहीत, तर? वर्षभर उन्हातान्हात पाणी मागत फिरलेले बाबा. तिला त्यांचा इतका राग आला होता की आत्ता ते समोर असते तर ती ओरडली असती, आणि तरी ते बाहेर राहतील ही कल्पना तिला सोसवेना. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, हे तिला कळेना.

घरी आधीच माणसं जमली होती. म्हाताऱ्या बायका बियरची मडकी फडक्यानं झाकत होत्या, सुना त्यांची टर उडवत होत्या. तेंडेकाईनं धावत येऊन तिची पिशवी घेतली. "ताई, चेहरा बघ तुझा. काकांनी वाटेत छळलं वाटतं?" त्या 'ताई'वर ती थबकली. हा तरी खरा भाऊ, असं तिच्या मनात आलं, आणि तिला रडूच फुटलं. तेंडेकाई गोंधळून तिच्या पाठीवर थापटत राहिला. त्याला सांगावं का? त्यानं नुकतीच ओसरी सारवून घेतली होती, दारापुढे आंब्याचं रोप लावलं होतं, आणि त्याच्या धाकट्या पोरीला सगळे आत्तापासूनच कौतुकानं 'चिहेरा, चिहेरा' म्हणत होते, कारण ती दूध प्यायला तयार नव्हती. चेनेसाईनं ती पोर उचलून घेतली. पोरीनं तिच्या हातावर जोरात गुच्चा मारला.

सकाळी सगळे थडग्यांकडे निघाले. टेकडीच्या पायथ्याशी दगडांचे उंचवटे, सगळ्यात जुने गवतात बुडालेले. चालताना चेनेसाईला ते दिसलं, कडेचं, बिनघोटीव दगडाचं, त्यावर खिळ्यानं कोरलेली अक्षरं, पिरी. लहानपणापासून तिनं ते शेकडो वेळा बघितलं होतं. बाबा दर खेपेला तिथलं गवत उपटायचे, परक्या माणसाचं थडगं आहे, त्याला कोण आहे म्हणायचे. त्या दगडाखाली म्हातारीचा खरा लेक होता, दुसऱ्याच्या नावानं झोपलेला. त्याला त्याच्या आईनं कोणत्या नावानं घरी बोलावलं असेल? लोकांच्या देखत तिला त्याला शावा म्हणता येणार नव्हतं. तो तर तिच्या अंगणात जिवंत उभा होता. म्हणजे म्हातारीनं एका लेकाला नाव दिलं ते दुसऱ्याच्या अंगावरून काढून. हे आतापर्यंत कुणीच, तारुविंगाकाकांनीही, बोललं नव्हतं. चेनेसाई तिथेच थिजली. मागून सुना म्हणाल्या, चला ना वन्सं, ऊन चढेल.

वडिलांच्या थडग्याभोवती माणसं गुडघ्यांवर बसली, टाळ्यांचा हलका ठेका धरून. तारुविंगाकाकांनी बियरचा भोपळा तिच्या हातात दिला. ते मागे सरकले. तिनं ओतायला सुरुवात केली. माती कोरडी होती, बियर आधी वरच तरंगली, मग फेस धरून आत शिरली. टाळ्या थांबल्या. सगळे वाट बघत होते. भोपळा रिकामा झाला तरी तिनं तो तिरपाच धरून ठेवला. "शावा म्हण," तेंडेकाई हळूच म्हणाला, तिला शब्द आठवत नाहीत असं समजून. "म्हण ना ताई. शावा."

तिला गरिकाई दिसला, त्या वेळचा, सडपातळ, हसणारा. तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग कुळाचं गौरवाचं नाव जोडून ती मोठ्यानं म्हणाली, "शावा! मुसेयाम्वा! म्हातारीनं ज्याच्या बापाच्या खांद्यावर पांघरूण घातलं, त्या शावा, ऊठ!" बायकांनी जिभेच्या टोकावरून आनंदाचा चीत्कार केला, टाळ्या कडाडल्या. पांघरुणाचं कुणाला कळलं नाही. तारुविंगाकाकांना कळलं, त्यांनी हॅट डोळ्यांपुढे धरली. त्या गलक्यात चेनेसाई थडग्यावर वाकली, कपाळ मातीला लागेल इतकी, आणि दवाखान्यात पाठ झालेल्या त्या एका शब्दानं सुरुवात करून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेतानं बोलली.

"माद्झी आणलंय, बाबा. प्या. आणि घरी चला. मला तुमच्याशी भांडायचंय."